पेटीतला पत्रा

आमच्या घरात तीन पिढ्या पेट्या दुरुस्त करतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. मिरजेत वाढल्यामुळं माझा एक पक्का समज होता, की गवई हा गवयाच्याच पोटी जन्माला येतो, लहानपणी मार खातो, मोठेपणी गातो आणि मधल्या काळात दुसरं काहीही करत नाही. संभाजीनगरात चार दिवस राहिले आणि या समजाच्या चिंध्या झाल्या. परत येऊन पंधरा दिवस झाले, पण मी अजून पुरती सावरलेली नाही. म्हणून लिहायला बसले.

जायचं कारण साधं होतं. तिथले शब्बीरभाई नावाचे कव्वाल आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा फोन आला, की त्यांच्याकडचे पेटी दुरुस्त करणारे चाचा वारले, आणि त्यांची स्वतःची आणि दोन मित्रांची अशा तीन पेट्या अडून पडल्यात. मागच्या खेपेला त्यांनी पेटी बसवर टाकून मिरजेला पाठवली होती, ती पोचेस्तोवर तिचा हवेचा भाता फाटला होता. "त्यापेक्षा आपा, तुम्हीच या," ते म्हणाले. जानेवारी होता, हवा चांगली होती. हत्यारांची पिशवी घेतली आणि गेले.

गुरुवार, जुन्या शहरात

शब्बीरभाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. फोनवरचा आवाज असा मुलायम, की हा माणूस अत्तर लावून तक्क्याला टेकून बसलेला असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. सकाळी बसमधून उतरले तर समोर एक गृहस्थ उभे. पायात रबरी बूट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर जवळजवळ माझ्याएवढी लोखंडी चावी. मी पिशवी सांभाळत बाजूला सरकले.

"आपा, मिरजहून ना? मीच शब्बीर. चला, पयले एक गल्ली सोडतो, मंग नाश्ता करू."

गल्ली सोडतो म्हणजे गल्लीला पाणी सोडतो. शब्बीरभाई पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडायच्या कामावर आहेत, आणि त्या दिवशी ज्या गल्लीची पाळी होती तिथं बायका कळशा-हंडे मांडून त्यांची वाट बघत होत्या. त्यांनी रस्त्यातलं झाकण उचललं, चावी आत घातली, दोन्ही हातांनी फिरवली. मग त्या चावीचं वरचं टोक कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून उभे राहिले.

"काय ऐकताय?" मी विचारलं.

"पाणी कुठवर पोचलं ते. लोखंडातून समजतं. कान बाहेरचं ऐकतो आपा, हड्डी आतलं ऐकती."

मला खरोखर धक्का बसला. आमच्याकडं एखाद्या गायकानं थंडीत अशी पायपीट केली असती तर त्याच्या गुरूनं शिकवणी बंद केली असती. मी तसं बोलूनही दाखवलं. मला उचलली जीभ लावली टाळ्याला अशी सवयच आहे.

"हौ ना," ते म्हणाले, "पण पाणीच नाय सोडलं तर कव्वाली कोण ऐकतंय? गाल्या देतील लोक."

दुपारी त्यांच्या घरी नान खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, जेवलो. आमचा तांबडा रस्सा पहिल्या घासालाच अंगावर येतो. खलिया तसा नाही, तो हळूहळू आपलंसं करतो आणि मग भूक नसताना दुसरी नान मागायला लावतो. जेवणानंतर मी त्यांच्या पेटीचा भाता चिकटवला, दोन रीड घासून सुरात आणल्या. रीड म्हणजे पेटीच्या पोटातली पितळेची पातळ पट्टी, ती हवेनं थरथरली की सूर येतो. मग शब्बीरभाई गायला बसले. काय गातो हा माणूस! मी डोळे पुसायला पदर शोधत होते, तेवढ्यात भिंतीवरून एका बाईचं डोकं वर आलं.

"ओ भाई, आमची गल्ली कवा?"

शब्बीरभाईंनी तान सोडली नाही, सूर सोडला नाही, फक्त डावा हात भात्यावरून उचलून दोन बोटं दाखवली. दोन दिवसांनी. डोकं खाली गेलं आणि तान समेवर आली. मी आयुष्यात अशी सम पाहिलेली नाही.

शुक्रवार, कन्नड

दुसरी पेटी कन्नडला होती. शब्बीरभाईंनी पत्ता दिला आणि एवढंच सांगितलं, की सरलाताई कीर्तनात पेटीची साथ करतात आणि त्यांचा हात गोड आहे. एसटीतून उतरले तर सरलाताई जीप घेऊन स्टँडवर हजर. पन्नाशीच्या, काष्टी नेसलेल्या, कपाळाला बुक्का. पेटी जीपच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली. म्हटलं, चला, इथं तरी सगळं रीतसर आहे.

अर्ध्या वाटेत फोन वाजला. सरलाताईंनी ऐकून घेतलं, जीप उसाच्या फडाकडं वळवली आणि मला म्हणाल्या, "पाचच मिनिटं बसा हां. म्हैस अडलीय."

त्या गुरांच्या दवाखान्यात नोकरीला आहेत, हे मला सांगायचं शब्बीरभाईंच्या मनातही आलं नव्हतं. गोठ्यात जाऊन त्यांनी पदर खोचला, हात धुतला, तेल लावलं आणि तो हात खांद्यापर्यंत म्हशीत घातला. माझी शुद्ध हरपायची बाकी राहिली. आमच्याकडं पेटीला हात लावण्याआधी हात धुऊन पुसून नमस्कार करायचा असतो. मी एकदा कांदा चिरलेल्या हातानं पेटी उघडली, म्हणून वडिलांनी मला दिवसभर दुकानाबाहेर बसवलं होतं.

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. सरलाताई आभाळाकडं बघत, जणू दुसऱ्याच कुणाचा हात आहे अशा चेहऱ्यानं आत चाचपडत होत्या. "मान मुडपलीय," त्या म्हणाल्या. "हं. आता आली सरळ." आणि ते ओलं काळं रेडकू गवतावर पडलं.

"तुम्हाला आत काही दिसत नाही, मग कळतं कसं?" मी विचारलं.

"दिसाया कशाला पायजे? हाताला कळतंय की." बादलीत हात बुडवता बुडवता त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खो खो हसायला लागल्या. "बाई, तुमी तर लई घाबरल्या! चला, हुरडा खाऊ. मंग पेटी बघा."

फडाच्या बांधावर बसून ज्वारीचा गरम हुरडा आणि तिळाची चटणी खाल्ली. त्याच बांधावर मी त्यांची पेटी उघडली. पांढऱ्या पट्ट्यांवर औषधाचे तांबूस डाग होते आणि आत फिनेलचा वास. मी नाक मुठीत धरून काम केलं. शेवटी सरलाताईंनी त्याच हातानं भूपाची एक ओळ वाजवून दाखवली, आणि माझ्या सगळ्या शिस्तीच्या तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी हलकी बोटं आमच्या गल्लीत दोघांचीच होती आणि ते दोघंही दुसरं काहीच करत नसत.

शनिवार, मुकुंदवाडी

तिसरी पेटी साळवेंची. हे त्यांचं खरं नाव नाही. ही गोष्ट लिहायला त्यांनीच परवानगी दिली, फक्त नाव बदला म्हणाले, म्हणून बदललंय.

साळवेमामा भीमगीतं गातात. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते जवळजवळ तीस वर्षं पत्र्याच्या प्रेसवर होते, नुकतेच निवृत्त झालेत. रविवारी सकाळी त्यांच्या वस्तीतल्या विहारात गाण्याचा कार्यक्रम होता. निवृत्त झाल्यावरचा हा त्यांचा पहिला कार्यक्रम. वस्तीतले काहीजण म्हणत होते, की आता मामांनी बसावं, नव्या पोरांना ऑर्केस्ट्रा लावू द्यावा. म्हणून मामांना हा कार्यक्रम फार महत्त्वाचा होता. हे त्यांच्या बायकोनं, मंदाताईंनी, मी चप्पल काढायच्या आतच मला सांगितलं. "या टायमाला नीट झालं ना बाई, मंग पुढं कुणी काय बोलायचं नाय."

दुपारी विहारात त्यांचा सराव ऐकला. लाकडी फळ्यांचा मंच घातला होता. मामा पेटीवर इतके वाकून बसत, की हनुवटी वरच्या फळीला टेके. मी लगेच बोलले, "मामा, पाठ सरळ ठेवा, असं बसलं की आवाज कोंडतो." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघत गोड हसून मान हलवली आणि पुन्हा तसेच बसले. आवाज मात्र कोंडत बिंडत नव्हता. बाबासाहेबांवरचं एक गाणं त्यांनी असं म्हटलं, की मंचाला रंगीत कापड ठोकणारे लोक हातोडे धरून तसेच उभे राहिले.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या आणि मामांनी वाकून दोन्ही तळवे मंचाच्या फळ्यांवर सपाट ठेवले. बराच वेळ ठेवले. मला ते फार आवडलं. मंचाला असा सावकाश नमस्कार आमच्या मोठमोठ्या गवयांनीही केलेला मी पाहिला नव्हता. मी मंदाताईंना तसं म्हणाले. त्या चहाचं बघायला उठल्या.

पेटीत मात्र एक खोट होती. षड्जाचं बटण ओढलं की सा एकसारखा वाजत राहतो, त्याच्यावर गायचं असतं. मामांच्या पेटीत त्या षड्जाला एक घाणेरडी घरघर होती. मामा कार्यक्रमाच्या कामासाठी बाहेर गेले, मंदाताई चुलीवर येसर आमटी करायला बसल्या, आणि मी ओट्यावर पेटी उघडली. त्या षड्जाच्या रीडशेजारी कुणीतरी पत्र्याची एक दुमडलेली चिंधी खोचली होती. सा वाजला की ती थरथरून फळीवर आपटत होती. कुठल्या अडाण्याचं हे काम, असं म्हणत मी ती चिमट्यानं ओढून टाकली. रीडखाली नवं कातडं लावलं, रीड घासली, धूळ पुसली. सा असा लागला, जसा देवघरात समईचा उजेड.

मामा आले तेव्हा मी मुद्दाम सा धरून दाखवला. ते माझ्या हातांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "लई भारी. लई भारी काम केलं बाई तुमी."

मी खूश. आमटीबरोबर एक भाकरी जास्त खाल्ली.

रविवार, विहारात

सकाळी अकराची वेळ. पुढच्या रांगेत शब्बीरभाई, मी, मंदाताई. मागं सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत. मामा मंचावर बसले, ढोलकीवाला आणि कोरसवाले त्यांच्या मागं. मामांनी बटण ओढलं, हनुवटी टेकवली आणि क्षणभर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन उतरलं. हनुवटी उचलून पुन्हा टेकवली. मग गायला सुरुवात केली.

सूर चुकला.

थोडा नाही. पेटी एका घरात आणि मामा दुसऱ्याच घरात. ढोलकीवाल्यानं दचकून वर बघितलं. कोरसवाल्या पोरींना कुणाच्या मागं जावं ते कळेना. माझ्या मनात पहिला विचार आला तो मी दुरुस्त केलेल्या पेटीचा. पण पेटी सुरात होती, मी माझ्या कानांनी ऐकत होते. मामा दुसऱ्या ओळीला आणखी वर गेले. मागं कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "झालं, मामा थकले आता."

मंदाताईंनी माझा दंड धरला.

"बाई, पेटीतून काय काढलं का तुमी?"

"घरघर होती, ती काढली. पत्रा होता एक."

"त्यानंच त्यांना कळतंय ओ," त्या कानाशी येऊन म्हणाल्या. "त्यांला ऐकू येत नाय."

एकेक गोष्ट उलटी फिरून अंगावर आली. टेकवलेली हनुवटी, ते गोड हसणं, माझ्या ओठांकडं बघणं. मी सा धरून दाखवला तेव्हा त्यांनी माझ्या हातांचं कौतुक केलं होतं, सुराचं नाही. आणि मी अति शहाणी, ज्या एका धाग्यावर त्या माणसाचं गाणं लोंबकळत होतं तो कात्रीनं कापून, वर भाकऱ्या हाणून झोपले होते.

शब्बीरभाईंनी आमचं बोलणं ऐकलं असावं. ते उठले, मंचावर गेले, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "मामा, आज पयले माझी हाजरी. मेहमान का मान रखो." मागून एकजण ओरडला, "भाई, आधी पाणी कवा येतंय ते सांगा!" सगळे हसले. त्या हशातच मंदाताईंनी मामांना आणि मी पेटीला विहाराच्या मागं नेलं. शब्बीरभाई पेटीशिवाय, नुसत्या ढोलकीवर गायला लागले.

मागच्या पडवीत मी पेटी उघडली. काढलेला पत्रा केराबरोबर सकाळीच घंटागाडीत गेला होता. मी माझ्या पिशवीतली पितळेची पट्टी लावून बघितली. मामांनी फळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. दुसरी लावली. नाही. मी रडायच्या बेताला आले.

"मामा, माफ करा," मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

"कुणालाच नाय म्हाईत." ते शांत होते, मला तेच सहन होईना. "बहिऱ्याला गायला कोण बोलवतं, बाई? पयल्यांदा चिमण्या गेल्या. मंग पोरीचा आवाज. मंग पेटी. ढोलकी तेवढी राह्यली, ती छातीत वाजती."

"प्रेसवर कानात बोळे देत नव्हते का?"

"द्यायचे की. रोज द्यायचे. मीच नाय घातले." त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर उघडले. दहाच्या दहा बोटं. "प्रेस बिघडायच्या आधी आवाज बदलतो. त्यो ऐकला की हात मागं घ्यायचा. बोळे घातले असते तर कान राह्यले असते, बोटं गेली असती. माझ्या बाजूच्या दोघांची गेली. पेटीला काय लागतं बाई, बोटंच ना?"

तीन पिढ्यांच्या शिकवणीत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मंदाताई आतून तुपाच्या रिकाम्या डब्याचं झाकण घेऊन आल्या. मी कात्री पुढं केली. मामांनी झाकणातून करंगळीएवढी पट्टी कापली, दोनदा दुमडली, नखानं घडी ओढली, मग दातांत धरून हलकेच चावली. "तीस वर्सं पत्राच वाकवला," ते म्हणाले आणि ती पट्टी माझ्या नव्या कोऱ्या कातड्यात खुपसून दिली. मी भाता मारला. षड्जाची घरघर पुन्हा सुरू झाली, काल होती तशीच घाणेरडी. मामांनी हनुवटी फळीला लावली आणि हळूच सा लावला.

"बघा," ते म्हणाले आणि माझा हात धरून फळीवर ठेवला. लाकूड थरथरत होतं. त्यांचा आवाज जरा खाली होता तेव्हा ती थरथर ढवळल्यासारखी उसळत होती. आवाज वर सरकत सरकत षड्जाला भिडला आणि थरथर एकदम थांबून एकसारखी झाली. मी लहानपणापासून सूर लावतेय. सूर लागला हे तळहाताला असं कळतं, हे मला त्या पडवीत पहिल्यांदा कळलं.

शब्बीरभाईंनी आमच्यासाठी तिसरं गाणं ताणून धरलं होतं. मामा मंचावर परत गेले. बटण ओढलं, हनुवटी टेकवली, आणि कालचंच गाणं सुरू केलं.

ते कसं झालं हे मी सांगणार नाही, मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, की मामा थकले म्हणणारा तो माणूस दुसऱ्या कडव्याला उभा राहिला आणि शेवटपर्यंत बसला नाही. मंदाताई पूर्ण वेळ माझा दंड धरून होत्या. हिरवंनिळं झालं होतं, मिरजेला आल्यावर बघितलं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. मामा वाकले, दोन्ही तळवे मंचाच्या फळ्यांवर सपाट ठेवले आणि डोळे मिटले. काल मला हा नमस्कार वाटला होता. आता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो नमस्कार नव्हता. तो माणूस टाळ्या शोधत होता. हवेतल्या टाळ्या, लाकडात येऊन येऊन किती येणार?

मी पुढं गेले आणि मंचाच्या कडेवर दोन्ही हातांनी धपाधप हाणायला लागले. लोक बघायला लागले. शब्बीरभाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मामांच्या तळव्यांकडं बघितलं, आणि तेही फळीवर हाणायला लागले. मग ढोलकीवाला, कोरसच्या पोरी, मागची पुढची सगळी माणसं मंचाभोवती. मामांनी डोळे उघडले. ते आमच्या तोंडांकडं बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडं बघत होते आणि हसत होते.

माझ्याशेजारी फळी बडवणारी एक बाई ओरडून म्हणाली, "मिरजेकडं टाळ्या अशाच वाजवत्यात का ओ?"

"अशाच," मी म्हटलं आणि आणखी जोरात हाणल्या.